रंग दिल्यानं ओल जात नाही: इमारतमालकांना आणि व्यवस्थापनांना खुलं पत्र

सर्व इमारतमालक, कार्यालयप्रमुख आणि देखभाल-दुरुस्तीच्या फायलींवर सही करणारे अधिकारी यांस,

सादर नमस्कार.

ओल आलेल्या खोलीबद्दल तक्रार आली की त्यावर बहुतेक वेळा एकाच ओळीचा शेरा पडतो: भिंत खरवडून रंग द्यावा व खोली वापरात घ्यावी. रंगाचं बिल मंजूर होतं, नोंदवहीत तक्रारीपुढे ‘निकाली’ असं लिहिलं जातं आणि माणसं दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीला पाठ लावून कामाला बसतात. हा शेरा आम्हाला मान्य नाही, म्हणून हे पत्र आपल्याला आणि त्या खोल्यांत बसणाऱ्या सगळ्यांना उघडपणे लिहीत आहोत.

आमच्यापैकी काहीजण इमारतींची देखभाल करतात, काहीजण कामगारांच्या फुप्फुसांची तपासणी करतात. भिंतीत पाणी कुठून शिरतं हे एकांचं रोजचं काम आणि त्या भिंतीशेजारी वर्षानुवर्षं श्वास घेतल्यावर छातीत काय होतं हे दुसऱ्यांचं. दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. भिंत उशिरा दुरुस्त केली तरी दुरुस्त होते. फुप्फुसाला मात्र मुदत असते, आणि ती रंगाच्या एकेका हातासोबत संपत जाते.

रंगवलेल्या ओल्या भिंतीकडे तीन महिन्यांनी जरा जवळ जाऊन बघावं. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर रंगाला फुगे आलेले असतात. नखानं एक फोडला की पोपडा सुटतो आणि आतून पांढरी भुकटी गळते. हा लोणा. जोत्यातून पाणी विटेत चढतं, चढताना क्षार सोबत आणतं, पृष्ठभागाशी येऊन पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. हे क्षार पुढे हवेतलाच ओलावा ओढून घेतात, त्यामुळे पाऊस थांबून कितीही दिवस झाले तरी तो पट्टा दमटच राहतो. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत जाते. तिच्यावर ऑइलपेंट दिला किंवा टाइल्स लावल्या की वाफेला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ओल आणखी वर सरकते. मग पुढच्या खेपेला रंगही आणखी वरपर्यंत द्यावा लागतो. आपण ज्याला दुरुस्ती म्हणून पैसे मोजता, त्यानं ओल वाढते.

दुसरी जागा कपाटामागची. बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलेलं फायलींचं कपाट पुढे ओढावं. कपाटाच्या आकाराचा काळपट-हिरवा चौकोन भिंतीवर उमटलेला सापडतो, प्लायवूडच्या पाठीवर मखमलीसारखा थर असतो आणि खालच्या खणातल्या फायलींच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात. इथे गळती असायलाच हवी असं नाही. खोलीतली हवा २४ अंश सेल्सियस आणि आर्द्रता ६० टक्के आहे असं धरा. कपाटामागे हवा खेळत नाही, भिंत १९ अंशांपर्यंत थंड होते. त्या पृष्ठभागाला लागून असलेल्या हवेची आर्द्रता तेवढ्यानंच ८० टक्क्यांवर जाते. पाण्याचा एक थेंबही दिसत नाही, पण बुरशीला एवढं पुरतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवलं असतं तर यातलं बरंचसं टळलं असतं. ते कपाट दिवसातून वीसदा उघडणारा माणूस प्रत्येक फाइल झटकताना काय आत घेतो, याचा विचार रंगाच्या बिलात कुठेच नसतो.

आणि तो जे आत घेतो ते फक्त ‘धूळ’ नसतं. बुरशीचे बीजाणू साधारण २ ते १० मायक्रॉनचे असतात. मोठे नाकात आणि घशात अडकतात, लहान खाली श्वासनलिकांत उतरतात. बुरशी सुकली की तिचा चुरा होतो आणि त्या चुऱ्यातले कण एका मायक्रॉनहूनही बारीक असू शकतात. ते वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसाच्या टोकाच्या बारीक पिशव्यांपर्यंत, पोचतात. त्यांच्याबरोबर बुरशीच्या पेशीभित्तीतली ग्लुकन्स नावाची शर्करा-द्रव्यं असतात, ओल्या साहित्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचं एंडोटॉक्सिन नावाचं विषारी द्रव्य असतं, ओल आवडणारे सूक्ष्म कोळीवर्गी जीव असतात. नीट न वाळलेल्या काँक्रीटवर पीव्हीसीचं फ्लोअरिंग चिकटवलं असेल तर ओलावा आणि सिमेंटचा क्षारधर्म मिळून त्या फ्लोअरिंगचं आणि गोंदाचं विघटन करतात व टू-इथाइल-हेक्झानॉलसारखी रसायनं हवेत सुटतात. (सिमेंटचा थर ५० मिलिमीटर जाडीपर्यंत चांगल्या हवेतही दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर सुकतो. म्हणजे ५० मिलिमीटरच्या थराला ५० दिवस. उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून पंधराव्या दिवशी फ्लोअरिंग चिकटवलं की ही ओल खालीच कोंडली जाते.)

हे मिश्रण इतकं गुंतागुंतीचं आहे की त्यातल्या एकाच घटकावर आजाराचा दोष टाकता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हा बुरशीच्या सुरक्षित पातळीचा आकडा दिलाच नाही. ओल होऊ देऊ नका, झाली तर मुळापासून काढा, असं सांगितलं. आमची पहिली तक्रार इथूनच सुरू होते. कर्मचारी म्हणतात खोलीत कुबट वास येतो, आणि आपण म्हणता आधी हवेची चाचणी करू. मग कुणीतरी पाच-दहा मिनिटं पंप लावून हवेचा नमुना घेतो, आकडा ‘कमी’ येतो आणि विषय बंद होतो. बीजाणूंचं हवेतलं प्रमाण तासातासाला कितीतरी पटींनी बदलतं. माणसं चालली, पंखा लागला, कपाट उघडलं की वाढतं, खोली शांत असली की खाली बसतं. दहा मिनिटांच्या नमुन्यावरून वर्षभराचा श्वास निर्दोष ठरत नाही. शिवाय तुलना करायची तर कोणत्या मर्यादेशी? आरोग्याच्या आधारावर ठरलेली सर्वमान्य मर्यादाच अस्तित्वात नाही. कुबट वास, दिसणारी बुरशी, ओलसर डाग आणि पाणी शिरल्याचा इतिहास हे चार पुरावे पुरेसे आहेत, आणि चारही फुकट मिळतात. अमेरिकेच्या नायॉश या व्यवसाय-आरोग्य संस्थेची ओल नोंदवायची पद्धतही याच खुणा खोलीगणिक, डोळ्यांनी आणि नाकानं पाहून लिहिण्याची आहे.

आता छातीबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत.

सुरुवात नाकापासून होते. सतत शिंका, चोंदलेलं नाक, घशात उतरणारा कफ, सायनसचं दुखणं. मग कोरडा खोकला, जो पडसं बरं झाल्यावरही जात नाही. पुढे छाती आवळल्यासारखी वाटणं, जिना चढताना घरघर, पहाटे धाप लागून जाग येणं. या टप्प्यावर एक खूण फार महत्त्वाची असते: सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं आणि कामावर परतल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा सुरू होतं. ही खूण दिसते आहे तोवर हातात वेळ आहे. वर्ष-दोन वर्षं तसंच काम चालू राहिलं की श्वासनलिकांची सूज सुट्टीतही उतरत नाही, आणि मग ‘घरीही त्रास होतो, म्हणजे ऑफिसचा संबंध नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक ती आजार मुरल्याची खूण असते. श्वासनलिकांच्या भिंती जाड होतात आणि औषध घेतलं तरी वाट पूर्वीइतकी रुंद होत नाही.

दम्यापेक्षा क्वचित, पण अधिक गंभीर असा एक आजार आहे: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. यात दाह वायुकोशांतच होतो. ओल्या जागेत काम केल्यावर ४ ते ८ तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, खोकला आणि धाप. म्हणजे माणूस आजारी पडतो तो संध्याकाळी घरी, आणि दिवस-दोन दिवसांत उतार पडतो. डॉक्टरांकडे गेला तर फ्लू म्हणून औषध मिळतं. असं पुन्हापुन्हा होत राहिलं तर फुप्फुसात जखमेच्या वणासारखं तंतुमय जाळं तयार होतं, आणि ते पुन्हा मऊ होत नाही. या माणसाची साधी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी, सुरुवातीला जवळपास ठीक येऊ शकते. वायूंची देवाणघेवाण मोजणारी डीएलसीओ चाचणी आणि हाय-रेझोल्यूशन सीटी स्कॅन केल्याशिवाय आजार हाती लागत नाही.

हे किती खरं याबद्दल शंका असेल तर एका इमारतीचा दाखला देतो. अमेरिकेतल्या पाणी मुरलेल्या एका वीस मजली कार्यालयीन इमारतीतल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या इमारतीत यायच्या आधीच्या काळाशी तुलना केली तर तिथे आल्यानंतर प्रौढ वयात नव्यानं दमा होण्याचं प्रमाण सुमारे साडेसात पट होतं. पुढे इमारतीवर दुरुस्तीचं मोठं काम झालं. २०११ मध्ये आलेल्या पाठपुराव्यात दिसलं ते असं: दुरुस्तीनंतरही कर्मचाऱ्यांच्या श्वसनाच्या तक्रारींत एकंदरीत सुधारणा झालेली नव्हती. ‘पुढच्या अंदाजपत्रकात बघू’ असं लिहिण्याआधी आपण ही गोष्ट दोनदा वाचावी, ही विनंती.

दुसरी तक्रार दोष टाकण्याबद्दल. खोकणाऱ्या माणसाला विचारलं जातं, आधीपासून दमा होता का, सिगारेट ओढता का, घरी ओल आहे का. हे प्रश्न डॉक्टरांनी विचारावेत, आवश्यकच आहेत. व्यवस्थापनानं ते तक्रार फेटाळण्यासाठी वापरू नयेत. आधीपासून दमा असलेल्या माणसाला ओल्या खोलीत बसवलं तर धोका कमी होत नाही, वाढतो. आणि वाद मिटवायचा असेल तर साधन स्वस्त आहे. पीक फ्लो मीटर नावाची हातात मावणारी नळी. दिवसातून किमान चार वेळा, दर वेळी तीन फुंकरी मारून त्यातली सगळ्यात मोठी नोंद लिहायची, किमान चार आठवडे, आणि त्यात कामाचे दिवस व कामापासून दूर असलेले दिवस दोन्ही हवेत. आकडे कामाच्या दिवसांत घसरतात आणि सुट्टीत वर येतात का, हे आलेखावर दिसतं. दमेकऱ्यानं त्या काळात औषधाचा डोस मध्येच बदलू नये, नाहीतर आलेख फसवतो. एवढी साधी नोंद ठेवायला कर्मचाऱ्याला वेळ आणि सुट्टी न देता पुरावा मागणं अन्यायाचं आहे.

तिसरी तक्रार एसीची, आणि ही चूक तर बऱ्याचदा चांगल्या हेतूनं होते. दमट वाटतं म्हणून तापमान आणखी खाली आणलं जातं. बाहेरची हवा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची असेल तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातलं पाणी थेंब धरू लागतं तो, साधारण २६ अंश असतो. आत २२ अंशांपर्यंत गार केलेल्या भिंतीवर, डक्टवर, छतामागच्या पाइपवर ही हवा फटीतून पोचली की पाणी धरणारच. गरजेपेक्षा मोठा एसी बसवला असेल तर तो खोली झटपट गार करून बंद पडतो. हवेतलं पाणी काढायला कॉइल (एसीतल्या थंड नळ्यांची जाळी) जेवढा वेळ चालायला हवी तेवढी चालतच नाही. कॉम्प्रेसर बंद असताना पंखा चालू ठेवला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत येतं. ड्रेन ट्रेला उतार नसेल किंवा निचऱ्याच्या पाइपला पाणी धरणारा ट्रॅप नसेल तर पंख्याच्या ओढीनं पाणी ट्रेमध्येच अडकतं. असा ट्रे उघडून बघितला तर बोटभर पाण्यावर गुलाबी-करडा बुळबुळीत थर असतो, आणि इमारतीत वाटली जाणारी सगळी हवा त्याच्यावरून जाते. त्या खोलीत सुगंधी फवारे मारणं किंवा ओझोनचं यंत्र लावणं हा उपाय नाही. ओझोन स्वतःच श्वासनलिकांना सोलवटतो.

चौथी तक्रार दुरुस्तीच्या रीतीबद्दल. माणसं शेजारच्या टेबलावर बसलेली असताना भिंत खरवडली जाते, कोरड्या झाडूनं झाडली जाते, वर ब्लीच मारलं जातं. कोरडं खरवडल्यानं महिनोन्‌महिने साठलेली बुरशी एका दिवसात हवेत उडते. ब्लीच गिलाव्याच्या किंवा जिप्समच्या आत मुरत नाही, त्यातलं पाणी मुरतं. आणि मेलेली बुरशीही ॲलर्जी करते, त्यामुळे मारून उपयोग नाही, ती काढून टाकावी लागते.

काम या क्रमानं व्हायला हवं. प्रथम पाण्याचं मूळ: गच्चीचा निचरा, पन्हळ, खिडकीच्या खालचा उतार, शौचालयाला लागून असलेली भिंत, भिंतीतले पाइप, जोत्याबाहेरची जमिनीची पातळी. मूळ सापडेपर्यंत गिलाव्याला हात लावू नये. मग माणसं हलवायची. मग ती जागा ०.१५ मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकनं बंद करून आतली हवा हेपा फिल्टरच्या यंत्रानं बाहेर खेचायची, म्हणजे हवेचा ओघ नेहमी आतल्या बाजूला राहतो. (हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. साध्या व्हॅक्यूममधून बुरशी मागच्या बाजूनं पुन्हा खोलीत येते.) जिप्सम बोर्ड, फायबरच्या छताच्या फरशा, कार्पेट, फोम यांत बुरशी शिरली असेल तर दिसणाऱ्या डागापुढे कोरडा भाग लागेपर्यंत कापून, पिशवीत बांधून फेकायचं. काच, धातू, पक्की फरशी पुसून साफ होते. हे काम करणाऱ्या माणसांना चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क, बंद गॉगल आणि हातमोजे लागतात. तोंडाला बांधलेला रुमाल चालत नाही. या कामगारांची छातीही कुणीतरी विचारात घ्यायला हवी, कारण सर्वांत जास्त मात्रा तेच घेतात. शेवटी मॉइश्चर मीटरनं मोजायचं, आणि त्याच इमारतीतल्या, त्याच बांधणीच्या कोरड्या भिंतीइतका आकडा येईपर्यंत रंगाचा डबा उघडायचा नाही.

एवढा खटाटोप मोठा वाटत असेल तर पाणी शिरल्यानंतरचे पहिले २४ ते ४८ तास लक्षात ठेवावेत. तेवढ्यात सगळं सुकवलं तर बुरशी सहसा धरत नाही. शुक्रवारी रात्री फुटलेला पाइप सोमवारी सकाळी पाहिला जातो आणि ही संधी निघून जाते, कारण सुट्टीत फोन कुणी उचलायचा हे ठरलेलं नसतं.

आमच्या मागण्या अशा:

ओलीची तक्रार आली की दोन कामाच्या दिवसांत जागेवर जाऊन पाहणी व्हावी, आणि तक्रार बंद करताना पाण्याचं मूळ काय सापडलं व मीटरचा आकडा किती आला हे लिहिल्याशिवाय ‘निकाली’ हा शब्द वापरू नये. फक्त रंगाचं बिल जोडून तक्रार बंद करणं आजपासून थांबवावं.

ज्याला कामाच्या जागी खोकला, घरघर किंवा धाप सुरू झाली आहे त्याला दुरुस्तीची वाट न पाहता कोरड्या खोलीत बसवावं. पगार, हुद्दा आणि कामाचा दर्जा यांत कपात न करता. हवेच्या चाचणीची अट घालू नये.

तळघर, रेकॉर्ड रूम आणि कायम बंद खिडक्यांच्या खोल्यांत काम करणाऱ्यांची, तसंच सफाई आणि देखभाल करणाऱ्यांची, कंत्राटी असले तरी, वर्षातून एकदा स्पायरोमेट्री व्हावी. एकट्या आकड्यावरून निकाल देऊ नये. त्याच माणसाच्या मागच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना व्हावी. अहवालाची प्रत त्या माणसाच्या हातात द्यावी.

प्रत्येक मजल्यावर आर्द्रता नोंदवणारं यंत्र लावावं, आकडा ६० टक्क्यांच्या खाली राखावा आणि नोंदी कर्मचाऱ्यांना बघता याव्यात. एसीचे ड्रेन ट्रे आणि कॉइल महिन्यातून एकदा उघडून तपासावेत, तारीख आणि सही यंत्रावरच चिकटवावी.

इमारतीत पाणी कधी, कुठे शिरलं याची कायमची नोंदवही ठेवावी. व्यवस्थापन बदललं, इमारत विकली किंवा भाड्यानं दिली तरी ती वही इमारतीबरोबर जावी, कारण दहा वर्षांनी धाप लागलेल्या माणसाच्या डॉक्टरांना विचारायला दुसरी जागा नसते.

पाणी फुटल्यावर रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी कुणाला फोन करायचा, त्या व्यक्तीचं नाव आणि नंबर दर मजल्यावर लावावा, आणि पंप, पंखे व डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) लावण्याचा खर्च वरची मंजुरी न घेता करण्याचा अधिकार त्या व्यक्तीला लेखी द्यावा.

या पत्राचं उत्तर आम्हाला पाठवलं नाही तरी चालेल. ते आपल्या इमारतीतल्या सूचनाफलकावर, तारखेसह लावावं.

आपले,
इमारतींची देखभाल आणि कामगारांची श्वसनतपासणी करणारे आम्ही